बँकेच्या लिलावातला जुना फ्लॅट: डागडुजी करून विकणाऱ्यांसाठी परीक्षण

पडीक फ्लॅट स्वस्तात घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि विकायचा, या धंद्यात माल मिळण्याच्या जागा मोजक्याच. इस्टेट एजंट, वारसांच्या वाटणीत अडकलेली घरं आणि बँकांचे ई-लिलाव. हे परीक्षण तिसऱ्या जागेचं आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण, पुणे, नाशिक या भागातल्या तीस-चाळीस वर्षं जुन्या इमारतींमधले वन बीएचके डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे, कारण लिलावाच्या यादीत मध्यमवर्गीयाच्या खिशाला परवडणारा माल मुख्यतः हाच असतो.

निकाल आधीच सांगतो. प्रत्यक्ष कब्जा बँकेकडे असलेला फ्लॅट: पाचपैकी साडेतीन तारे. सांकेतिक कब्ज्यातला, म्हणजे कब्जा फक्त कागदावर आणि आत माणसं राहताहेत असा फ्लॅट: दीड, तोही हाताशी चांगला वकील आणि बिनव्याजी पैसा असेल तर. टाइल्स कोणत्या, रंग कोणता, किचन कसं, यावर लोक महिनोन्‌महिने डोकं चालवतात. नफा ठरतो तो बोली लावण्याच्या दिवशी आणि किल्ली हातात येण्याच्या तारखेवर.

मालाची यादी कशी असते

सरकारी बँकांच्या मालमत्ता 'बँकनेट' या पोर्टलवर एकत्र दिसतात. पीएसबी अलायन्स ही सरकारी बँकांचीच कंपनी ते चालवते. पूर्वी हेच काम ई-बिक्रय या नावानं चालायचं, जानेवारी २०२५ मध्ये ते नव्या रूपात आलं. मोबाइल, ईमेल, केवायसी झालं की खातं सुरू होतं, इसारा रक्कम ऑनलाइन भरता येते. शहर, किंमत, मालमत्तेचा प्रकार असं गाळून पाहता येतं. एवढ्यापुरतं पोर्टल बरं आहे. कमी पडतं ते माहितीत. बँकेच्या शाखेनं जेवढं भरलं तेवढंच दिसतं. फोटो असला तर इमारतीचा, बाहेरून. पत्ता मूळ करारनाम्यातला, म्हणजे सर्व्हे नंबर आणि वीस वर्षांपूर्वीचं गावाचं नाव. एकाच इमारतीचं नाव दोन यादींत दोन तऱ्हेनं लिहिलेलं सापडतं. म्हणून नावानं शोधू नका, पिनकोड आणि किमतीनं शोधा.

खासगी बँका आणि गृहवित्त कंपन्या आपापली लिलाव संकेतस्थळं वापरतात, त्यामुळे वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस अजूनही वाचावी लागते. कायद्यानं ती दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. सहकारी बँका आणि पतसंस्थांचे काही लिलाव सर्फेसीखाली (तारण मालमत्ता विकून कर्ज वसूल करण्याचा कायदा) न होता सहकार कायद्याच्या नियम १०७ खाली होतात. त्याचे नियम वेगळे. तिथे विक्रीनंतरही ३० दिवसांत ठरावीक रक्कम भरून विक्री रद्द करून घेण्याची वाट कर्जदाराला उघडी असते. नोटिशीत कोणतं कलम आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नोटीस वाचताना

सर्फेसी कायदा २००२ चा. कर्ज थकलं की ६० दिवसांची मागणी नोटीस, मग कब्जा, मग विक्री. पहिल्या लिलावाला ३० दिवसांची नोटीस, तो फसला तर पुढच्या लिलावाला १५ दिवसांची पुरते. नोटिशीत पाच गोष्टी पाहायच्या: कब्जा कोणता, राखीव किंमत (जिच्याखाली बोली घेत नाहीत), इसारा रक्कम (बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के), पाहणीची तारीख आणि 'ज्ञात बोजे' हा रकाना. या रकान्यात 'माहीत नाही' असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ बोजा नाही असा होत नाही. बँकेनं विचारलेलं नाही, एवढाच होतो.

सगळ्यात महाग वाक्य असतं 'जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे' हे. त्याखाली सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, वीजबिल, पाण्याची गळती, वाढवलेली बाल्कनी, सगळं तुमच्या गळ्यात. वीजबिलाबाबत तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकालच आहे: लिलावात घेणाऱ्याकडून जुनी थकबाकी मागता येते. सोसायटीची थकबाकी वाटते त्यापेक्षा मोठी निघते. आदर्श उपविधींत २१ टक्क्यांपर्यंत व्याजाची मुभा आहे आणि कर्जाचा हप्ता थकवणाऱ्यानं मेंटेनन्सही चार-पाच वर्षं भरलेला नसतो. बोलीच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून थकबाकीचा आकडा लेखी घ्या. देत नसतील तर निदान त्यांच्या सूचना फलकावर थकबाकीदारांची यादी लावलेली असते, तिचा फोटो काढा. हस्तांतर प्रीमियम मात्र महापालिका हद्दीत २५,००० रुपयांवर घेता येत नाही. 'बिल्डिंग फंड' म्हणून लाखभर मागितले तर पावती मागा, आकडा आपोआप खाली येतो.

कब्ज्याबद्दल थोडं जास्त. सांकेतिक कब्जा म्हणजे दारावर नोटीस चिकटवली, आत माणसं राहताहेत. त्यांना बाहेर काढायला बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात ३० दिवस, कारण नोंदवून एकूण ६० दिवसांची मुदत आहे. प्रत्यक्षात आदेश निघतो, मग तहसीलदाराची तारीख, मग पोलीस बंदोबस्ताची तारीख, मग सणासुदीमुळे पुढे ढकललेली तारीख. त्यात कर्जदार ऋणवसुली न्यायाधिकरणात गेला तर वेगळंच. कलम १७ खाली त्याला ४५ दिवसांत दाद मागता येते. भाडेकरू असेल आणि त्याचा करार गहाणखताच्या आधीचा असेल तर गुंता आणखी वाढतो. पाहणीला गेल्यावर कर्जदाराशी बोलण्यापेक्षा शेजारच्या दारावर टकटक करा. आत कोण राहतं, कधीपासून, याचं खरं उत्तर तिथेच मिळतं.

एक बाजू खरेदीदाराच्या फायद्याची आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क संपतो, आणि सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं. पूर्वी बोली जिंकून पैसे भरल्यावरही कर्जदार शेवटच्या क्षणी पैसे आणून टाकायचा आणि तुमची रक्कम बिनव्याजी परत यायची. तो धोका बराच कमी झाला आहे.

पैशाची घाई

बोली जिंकली की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, इसारा धरून २५ टक्के भरायचे. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँक लेखी मुदतवाढ देऊ शकते, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त. इथेच नवखे अडकतात: गृहकर्जावर विसंबून बोली लावतात आणि कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील शोध अहवालालाच तीन आठवडे घेतो. लिलाव करणारीच बँक कर्ज देत असेल तर कागद तिच्याकडेच असतात, काम लवकर होतं. ते बोलीच्या आधी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

शेवटच्या काही मिनिटांत कोणी बोली वाढवली की वेळ आपोआप वाढते. त्यामुळे 'शेवटच्या सेकंदाला मारू' हा डाव इथे चालत नाही. आकडा आधी कागदावर लिहा आणि तिथे थांबा. राखीव किमतीला गिऱ्हाईक न मिळाल्यास पुढच्या फेरीत ती उतरवली जाते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या फेरीची वाट पाहणारे असतात. धोरण ठीक आहे, पण तीनदा कोणीच हात लावला नाही त्यामागे काय कारण आहे, ते कळल्याशिवाय चौथ्या फेरीत उतरू नये.

इमारतच अनधिकृत असेल तर फ्लॅट किती का स्वस्त असेना. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या आणि महारेराची नोंदणीही मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. यांतल्या अनेक घरांवर लोकांची कर्जं आहेत. बँकेनं कर्ज दिलं म्हणजे इमारत कायदेशीर, हे समीकरण सोडून द्या. बांधकाम परवानगी आणि भोगवटा पत्राचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात ताळा करा. कागद तिथून आला पाहिजे, एजंटच्या मोबाइलमधून नव्हे.

इमारत पाहणं

फ्लॅटच्या आधी जिना आणि गच्ची पाहा. बीमच्या तळाशी लांबीच्या दिशेनं सरळ रेघ गेलेली भेग म्हणजे आतली सळई गंजून फुगली आहे. खांबाच्या कोपऱ्यावरचं काँक्रीट सुटलेलं असेल तर सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल मागा. ३० वर्षांपुढच्या इमारतीला तो करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. अहवालात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए आणि सी-२बी मोठ्या दुरुस्तीच्या, सी-३ किरकोळ. सी-२ए मध्ये फ्लॅट घेऊन आत दोन लाखांचं किचन बसवणं म्हणजे गळक्या होडीला रंग देणं.

पुनर्विकासाचीही चौकशी हवी. जुलै २०१९ च्या शासन निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीनं पुनर्विकास होऊ शकतो. विकासक नेमला गेला असेल तर दुरुस्तीवर एक रुपयाही खर्चू नका. गिऱ्हाईक तुमच्या टाइल्सचे पैसे देत नाही, नव्या इमारतीत मिळणाऱ्या कार्पेट एरियाचे देतं. असा फ्लॅट स्वच्छ धुऊन, रंग मारून तसाच विकावा.

फ्लॅटमध्ये शिरल्यावर छताला लाकडी दांड्यानं ठोकत फिरा. भरीव आणि पोकळ आवाज कानाला लगेच कळतो. पोकळ भाग खडूनं आखून क्षेत्रफळ मोजा, दुरुस्तीचा अंदाज त्यावरच निघेल. काँक्रीटची तब्येत पाहायची स्वस्त चाचणी फिनॉल्फ्थॅलिनची: अल्कोहोलमधलं एक टक्क्याचं द्रावण, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारायचं. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला गंजापासून वाचवतंय. रंग आलाच नाही आणि ती बिनरंगी पट्टी सळईपर्यंत पोचलेली असेल, तर आज प्लास्टर केलं तरी दोन-चार पावसाळ्यांत पुन्हा पडणार. अडचण एवढीच की पाहणीच्या दिवशी बँकेचा माणूस काही फोडू देत नाही. जिथे आधीच तुकडा निखळलेला आहे तिथला ताजा भाग खरवडून फवारा.

दुरुस्ती: जिथे पैसे घालायचे

छत. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागे बोट जाईल इतकं छिन्नीनं काढायचं. नुसता वरचा पापुद्रा काढून प्लास्टर थापणं ही सर्रास होणारी फसवणूक. सळई तारेच्या ब्रशनं चकचकीत करायची, गंजरोधक लेप द्यायचा, जुन्या-नव्याचा सांधा धरायला बाँडिंग कोट, आणि तो ओला चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर: सिमेंट एक, वाळू तीन, आणि सिमेंटच्या वजनाच्या १५ ते २० टक्के एसबीआर लॅटेक्स (मसाल्यात मिसळायचं कृत्रिम रबराचं द्रावण). एका थरात १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जास्त भरू नका, जड होऊन खाली येतं. बाँडिंग कोट वाळल्यावर मॉर्टर लावला तर लेप सांधण्याऐवजी वेगळा थर बनतो आणि सहा महिन्यांत पोकळ वाजायला लागतो. सळईची जाडी पाव भागाहून जास्त खाल्ली गेली असेल तर शेजारी नवी सळई बांधावी लागते. ते काम स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारूनच करायचं.

संडास-बाथरूम. फ्लॅटच्या किमतीवर सगळ्यात जास्त परिणाम करणारी ही तीस-चाळीस चौरस फुटांची जागा. जुन्या इमारतीत खाली फूटभर खोल संकन स्लॅब असतो, त्यात विटांचा कोबा आणि राडारोडा भरलेला. वर्षानुवर्षं त्यात पाणी मुरतं आणि खालच्याच्या छताला उतरतं. वरून फक्त टाइल्स बदलल्या की विकलेल्या फ्लॅटबद्दल पहिल्याच पावसाळ्यात फोन येतो. म्हणून स्लॅबपर्यंत रिकामं करायचं. बिडाचे जुने पाइप आणि नहाणी ट्रॅप काढून पीव्हीसी, गंजलेल्या जीआय नळांच्या जागी सीपीव्हीसी. पाइप स्लॅब किंवा भिंत पार करतो तिथली फट नॉन-श्रिंक, म्हणजे वाळल्यावर न आकसणाऱ्या ग्राउटनं भरायची. गळती बहुधा इथूनच सुरू होते, मधल्या स्लॅबमधून क्वचित. भिंत आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात गोलाकार वाटा मारायचा, त्यावर फायबर जाळीची पट्टी, मग ॲक्रिलिक पॉलिमर-सिमेंटचे दोन हात. दुसरा हात पहिल्याला आडवा, आणि पहिला हाताला लागेनासा झाल्यावरच. शॉवरच्या भिंतीवर हा लेप पाच फुटांपर्यंत न्या, बाकी भिंतींवर तयार फरशीच्या वर फूटभर पुरतो.

मग पाणी कोंडायचं. दोन इंच पाणी, ४८ तास. भिंतीवर पेन्सिलनं खूण करा आणि त्याच बाथरूममध्ये पाण्याची एक बादली ठेवून तिच्यातही तशीच खूण करा. दोन्हीकडची पातळी सारखी उतरली तर ते बाष्पीभवन. तळातलं पाणी जास्त उतरलं तर गळती. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताचा फोटो आधी आणि नंतर काढून त्यांना दाखवा. पुढे वाद झाला तर हाच पुरावा. चाचणी पास झाल्यावर लेपावर एकास चारचं संरक्षक प्लास्टर, आणि खड्डा भरायला राडारोडा नको, हलक्या सिपोरेक्स विटांचे तुकडे आणि वरून काँक्रीट. उतार मीटरला सेंटिमीटरभर, नहाणीकडे. टाइल्स ॲडेसिव्हनं, खाचदार थापीनं पूर्ण पाठ भरून. सिमेंटचे पाच गोळे लावून टाइल दाबली की मागे पोकळी राहते आणि तिथे पाणी साठतं. शॉवरखाली सांध्यात इपॉक्सी ग्राउट.

नळाचं काम भिंतीत गाडण्याआधी पाइपची तोंडं बंद करून हातपंपानं साधारण ७ किलोचा दाब दोन तास धरा. काटा हलला नाही तरच गवंड्याला बोलवा. प्लंबर म्हणेल 'साहेब, गरज नाही'. त्याच्या सांध्यांची खात्री त्याला असेल, तुम्हाला असायचं कारण नाही.

फरशी. इथे बहुतेक जण नाहक पैसे घालतात. ४५० चौरस फुटांची जुनी मोझॅक आणि खालचा मसाला मिळून जाडी साडेसहा सेंटिमीटर धरा. ४२ चौरस मीटरचे पावणेतीन घनमीटर, म्हणजे सुमारे पाच टन. ४० किलोच्या गोण्या केल्या तर सव्वाशे. त्यात संकन स्लॅबच्या तीसएक गोण्या, ओटा आणि भिंतीवरच्या टाइल्स धरल्या की पावणेदोनशे ओलांडतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून त्या उतरवायच्या, बिगारी दर मजल्याचे वेगळे पैसे घेणार, आणि सोसायटी जिन्याच्या सफाईसाठी अनामत रक्कम अडवून ठेवणार. त्यापेक्षा जुनी फरशी ठोकून पाहा. पोकळ लाद्या काढून तेवढ्याच भरा, बाकीवर ॲडेसिव्हनं नऊ मिलिमीटरची व्हिट्रिफाइड टाइल. वाढणारं वजन जेमतेम ११०० किलो. दारं दीड सेंटिमीटर खालून कापावी लागतात आणि बाथरूमचा उंबरा पुन्हा बसवावा लागतो, एवढाच त्रास. मोझॅक धड असेल तर घासून पॉलिश करणं याहूनही स्वस्त, आणि दिसतंही सुंदर. पण पुन्हा विकायचं असेल तर नाही, आजचं गिऱ्हाईक मोझॅक पाहून 'जुनं घर' म्हणतं आणि भाव पाडतं. वाईट वाटतं, पण तसं आहे.

वीज. अॲल्युमिनियमच्या तारा असतील तर सगळ्या काढा. दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गीझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटर तांबं, प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), आणि सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). जुन्या घरात अर्थिंगची तार असतेच असं नाही. नसेल तर आरसीसीबी बसवूनही काम अर्धंच. खिडक्या अॲल्युमिनियम स्लायडिंग, दारं फ्लश, रंग पांढरट. यावर जास्त विचार करू नये. पीओपीच्या छतात गुंतवणूक नको. गिऱ्हाइकाला शंका येते की वरची ओल झाकली आहे.

महापालिकेची परवानगी टाइल्स, प्लास्टर, रंग, नळ यांना लागत नाही. भिंत काढायची किंवा बाल्कनी खोलीत घ्यायची असेल तर लागते, आणि १९८० च्या दशकातल्या बऱ्याच कमी उंचीच्या इमारतींमध्ये आतली भिंतही भार घेते. 'ओपन किचन'च्या नादात ती पाडू नका.

हिशेब

उदाहरणादाखल आकडे घेऊ. दुरुस्त झाल्यावर ५० लाखांना जाईल असा फ्लॅट. बोली ३२ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के (शहरानुसार ६ ते ७) म्हणजे २.२४ लाख, नोंदणी ३०,०००, थकबाक्या दीड लाख, सोसायटी हस्तांतर २५,०००, वकील २०,०००, दुरुस्ती साडेपाच लाख. पैसे १० टक्क्यांनी उभे केले तर दहा महिन्यांचं व्याज २.६७ लाख, मेंटेनन्स ३०,०००, विकताना दलाली दोन टक्के म्हणजे एक लाख. बेरीज ४५.९६ लाख. नफा चार लाख, करापूर्वी. आता कब्जा आठ महिने उशिरा मिळाला असं धरा. व्याज आणि मेंटेनन्स मिळून आणखी २.३७ लाख गेले, हाती उरले १.६७ लाख. टाइल्सचा दर चौरस फुटाला वीस रुपयांनी पाडून तुम्ही जेवढं वाचवलं असतं त्याच्या पंचवीसपटीहून जास्त रक्कम एका तारखेवर गेली.

अमेरिकेतल्या घर-पलट्या लोकांत एक ढोबळ नियम चालतो: विक्री किमतीच्या ७० टक्क्यांतून दुरुस्ती वजा करा, त्यावर बोली जाऊ देऊ नका. इथे तो आकडा २९.५ लाख येतो. ३२ ऐवजी तिथे थांबलात तर नफा सात लाखांच्या घरात जातो. आपल्याकडे मुद्रांक शुल्क जड असल्यामुळे नियम सैल करायला जागा नाही, उलट सांकेतिक कब्ज्यासाठी ७० चे ६० करावेत.

मुद्रांक शुल्काची गुंतवणूकदारांना मिळणारी सवलत, म्हणजे तीन वर्षांत विकल्यास आधी भरलेलं शुल्क वळतं होणं, ही विकासकाकडून घेतलेल्या घरांना आहे. लिलावातल्या जुन्या फ्लॅटला ती धरून हिशेब मांडू नका. विक्री प्रमाणपत्रावर किती शुल्क लागेल याचा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय करून घ्या, विशेषतः बोली रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दराच्या, खाली गेली असेल तेव्हा. तो फरक दहा टक्क्यांहून मोठा असेल तर प्राप्तिकराचाही प्रश्न उभा राहतो, म्हणून सीए बोलीच्या आधी हवा. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा अल्पकालीन, तुमच्या स्लॅबनं कर. वर्षाला दोन-तीन व्यवहार केलेत तर प्राप्तिकर खातं त्याला धंदाच म्हणेल. दुरुस्तीची बिलं नावावर आणि बँकेतून दिलेली असावीत. रोखीनं दिलेल्या गवंड्याच्या मजुरीची वजावट मागताना कपाळाला हात लावायची वेळ येते.

विकताना

तुमच्या गिऱ्हाइकाला गृहकर्ज लागणार, हे धरूनच किंमत ठरवा. बँकेचा मूल्यांकनकार कार्पेट एरिया, इमारतीचं वय आणि भागातला दर पाहतो, इटालियन दिसणारी टाइल पाहत नाही. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या मूल्याच्या ८० टक्के. मूल्यांकन ४५ लाख आलं तर कर्ज फार तर ३६ लाख. ५० लाखांच्या घरासाठी गिऱ्हाइकाला १४ लाख आणि वर मुद्रांक शुल्क खिशातून काढावं लागेल. एवढी रोकड असणारा माणूस बहुधा नवी इमारत बघतो. त्यामुळे मूल्यांकन आधी स्वतः करून घ्या आणि दुरुस्तीचं बजेट त्याच्या आत बसवा. इमारत चाळिशी ओलांडलेली असेल तर अनेक बँका कर्जाची वर्षं कमी करतात, हप्ता फुगतो, आणि गिऱ्हाईक टोकन देऊन परत फिरतं.

कागदांची फाइल अशी लावा: पहिल्या विकासकापासूनचे सगळे करारनामे, कर्जदाराचं गहाणखत, कब्जा आणि विक्रीच्या नोटिसा, विक्री प्रमाणपत्र, मुद्रांक भरल्याचा पुरावा, सोसायटीचं तुमच्या नावाचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), थकबाकी नसल्याचा दाखला, आणि सेरसाईवर (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) त्या मालमत्तेवर दुसऱ्या कोणाचा भार नोंदलेला नाही याचा उतारा. मूळ कर्जदाराचं भागपत्र हरवलेलं असेल तर पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहिरात आणि मग सोसायटीकडून दुय्यम प्रत. याला दोन महिने जातात. म्हणून गवंडी कामाला लागेल त्याच आठवड्यात हा अर्ज सोसायटीत टाका. पोच घ्यायला विसरू नका. समिती बदलली की जुना अर्ज सापडत नाही.